पक्ष्यांच्या नोंदींसाठी पहिला कॅमेरा: ७० हजारांत काय काय बसवता येईल?

टिटवी
नमस्कार मंडळी. मी इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. उजनी धरणाचं पाणी शाळेपासून लांब नाही, त्यामुळे गेली काही वर्षं आमची सातवी ते नववीची मुलं पक्ष्यांची वही ठेवतात. तारीख, जागा, किती दिसले, काय करत होते, एवढं लिहायचं. अग्निपंख, चित्रबलाक, पट्टकादंब यांची ओळख आता लहान मुलांनाही पटते. गाडी अडते ती तुतवारांपाशी. चिखलात पळणारे सगळे करडे-तपकिरी पक्षी लांबून सारखेच दिसतात. मुलं वर्णन करतात, मी पुस्तक उघडते, तोवर पक्षी उडालेला असतो. फोटो असला तर वर्गात शांतपणे बघून ठरवता येईल आणि ईबर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकताना जोडीला पुरावाही देता येईल.

मोबाइलचे फोटो या कामाला पुरत नाहीत. त्यामुळे आता नीट कॅमेरा घ्यायचा आहे. बजेट ७० हजार, सगळं मिळून. भिशीचे आणि बाजूला टाकलेले माझे स्वतःचे पैसे आहेत. दुकानात विचारलं तर तीन वाटा दिसल्या. कॅननचा नवा आर५० मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा), निकॉनचा मोठ्या झूमचा पी९५०, किंवा सेकंडहँड डीएसएलआर (आरशाचा, जुन्या पद्धतीचा) आणि त्यावर जरा लांब पल्ल्याची लेन्स. कॅमेरा मुलंही हाताळणार आहेत, हे लक्षात घेऊन सांगा. आणि कॅमेऱ्याशिवाय आणखी कशाकशाला पैसे लागतात तेही सांगा, कारण दुकानदार ते बिल करतानाच सांगतो.

कातळ
छान उपक्रम आहे टिटवीताई. माझं मत सरळ आर५०. आता डीएसएलआरमध्ये पैसे घालू नका. कॅनन आणि निकॉन दोघांचेही शेवटचे नवे डीएसएलआर २०२० मध्ये आले, त्यानंतर सगळं लक्ष मिररलेसकडे आहे. आर५० मध्ये फोकस पक्ष्याचं डोकं, डोळा स्वतः शोधतो. नवशिक्याला याचा फार उपयोग होतो, आणि मुलांच्या हातात तर जास्तच. बॅटरी-कार्डासकट वजन ३७५ ग्रॅम. आज किटमधली, म्हणजे कॅमेऱ्यासोबत येणारी लेन्स वापरा, पुढे पैसे जमतील तशी १००-४०० मिमीची लेन्स घ्या.

एक सांगतो, त्याहून स्वस्त म्हणून आर१०० घेऊ नका. त्याला पडदा स्पर्शाचा नाही, हलतही नाही, आणि पक्षी ओळखणारा फोकस नाही.

दुर्बीण
मी वेगळं सांगणार आहे. टिटवी यांना भिंतीवर लावायचे फोटो काढायचे नाहीयेत, पक्षी ओळखायचा आहे. त्यासाठी पी९५०. २४ ते २००० मिलिमीटर इतकी झूम एकाच कॅमेऱ्यात, किलोभर वजन, लेन्स बदलायची भानगड नाही. आमच्या गटात तुतवार, कुरव, सुरय यांच्या ओळखीचे बरेचसे वाद पी९०० (आधीचं मॉडेल) आणि पी९५० च्या फोटोंवरच मिटलेत. लोक त्याला खरा कॅमेरा मानत नाहीत याचं मला वाईट वाटतं. ज्याने काम होतं तो खरा कॅमेरा.

कातळ
दुर्बीण, पण सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी आतली चिप, केवढासा आहे ते बघा. सूर्य जरा खाली गेला की चित्र पिठूळ होतं. उडता पक्षी तर त्यात सापडतच नाही.

उंबर
दोघांचंही म्हणणं बरोबर आहे, म्हणून आकडे मांडतो. शाळेतलं भिंगाचं गणित आहे, ताईंना वर्गातही वापरता येईल. पक्ष्याची सेन्सरवर पडणारी प्रतिमा म्हणजे लेन्सचं नाभीय अंतर गुणिले पक्ष्याचा आकार, भागिले पक्ष्याचं अंतर.

आधी अग्निपंख. उभा असताना उंची १.३ मीटर धरू. होडीतून ५० मीटरवर असेल तर २५० मिमीच्या लेन्सने सेन्सरवर साडेसहा मिलिमीटरची प्रतिमा पडते. कॅननच्या क्रॉप (३५ मिमी फिल्मपेक्षा लहान) सेन्सरची उंची साधारण १४.९ मिमी. म्हणजे चौकटीची जवळजवळ निम्मी उंची भरली. मोठ्या पक्ष्याला २५० मिमी भरपूर झाली, त्यासाठी लाखाची लेन्स लागत नाही.

आता खंड्या, जो लहान निळा असतो तो. १६ सेंमी, १५ मीटरवर. २५० ने २.७ मिमी. २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर हे सातशेच्या आसपास पिक्सेल. ओळखायला पुरतात, वहीत चिकटवायलाही पुरतात. ४०० ची लेन्स असेल तर साडेअकराशे.

आणि आता खरा प्रश्न, तुतवार. २० सेंमी, ४० मीटरवर, मध्ये चिखल असल्यामुळे पुढे जाता येत नाही. २५० ने सव्वा मिलिमीटर, म्हणजे जेमतेम ३३५ पिक्सेल. ४०० ने ५४० च्या आसपास. पी९५० चं प्रत्यक्ष नाभीय अंतर ३५७ मिमी आहे. २००० हा आकडा ३५ मिमी फिल्मच्या तुलनेतला. प्रतिमा १.८ मिमीची पडते, पण त्या छोट्या सेन्सरवर पिक्सेल इतके दाट आहेत की १३०० च्या वर पिक्सेल मिळतात. चोचीची लांबी, पायांचा रंग, पंखावरची पट्टी, सगळं दिसेल.

कातळ म्हणतात तेही खरं. कॅननच्या क्रॉप सेन्सरचं क्षेत्रफळ पी९५० च्या जवळजवळ १२ पट आहे. तेवढा कमी प्रकाश त्या छोट्या सेन्सरला मिळतो. त्यामुळे सकाळच्या चांगल्या उन्हात पी९५० पुढे, ढगाळ संध्याकाळी किंवा झाडीत मोठा सेन्सर पुढे. उजनीवर तुमचं काम बहुतेक उघड्यावर आणि उन्हात आहे.

टिटवी
उंबर, मनापासून आभार. हे गणित उद्याच नववीला घालते. तुतवारांचा आकडा बघून मीही चमकले. मला वाटत होतं की किटसोबत येणारी दुसरी लेन्स पुरेल.

सुगी
आर५० बरोबर मिळणारी ती दुसरी लेन्स ५५-२१० आहे, तिचं छिद्र लांबच्या टोकाला एफ ७.१ (एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं). जुनी डीएसएलआरची ५५-२५० एसटीएम तिथे एफ ५.६ देते, म्हणजे दीडपटीहून जास्त प्रकाश, आणि पल्लाही ४० मिमीने जास्त. वापरलेली दहा हजारांच्या आसपास मिळून जाते. कॅननकडेच जायचं असेल तर माझ्या मते वापरलेला ८०डी हा डीएसएलआर आणि ही लेन्स. ४५ ऑटोफोकस बिंदू, सेकंदाला ७ फोटो, आणि बॅटरी एका चार्जमध्ये ९६० फोटो देते असं कंपनी सांगते. आर५० मध्ये हाच आकडा तीनशे-चारशेच्या घरात. पहाटे घर सोडून दुपारी परतायचं असतं तेव्हा हा फरक फार जाणवतो.

आमच्याकडे ८०डीची बॉडी (लेन्सशिवाय कॅमेरा) ३०-३५ हजारांत दिसते. उरलेले पैसे साठवत राहा. पुढे ४०० मिमी एफ ५.६ वापरलेली घ्या. १९९३ ची लेन्स आहे, हाताचा कंप सावरणारं स्थिरीकरण नाही, पण वजन सव्वा किलो आणि धार अजून उत्तम. पक्षीवाले तिला उगाच जपत नाहीत.

बांधावरून
वाचतोय. मलाही घ्यायचाय. एक शंका, हप्त्यांवर घेतला तर? बिनव्याजी हप्ते म्हणतात.

उंबर
बांधावरून, बिनव्याजी म्हटलं तरी पूर्ण फुकट नसतं. बँक व्याज लावते, दुकान किंवा कंपनी तेवढी सूट देते, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क आपल्याच कार्डावर येतं. रक्कम मोठी नसते, पण रोख भावात आणखी सूट मिळत असेल तर ती सोडल्याचं नुकसान वेगळं. दोन्ही भाव कागदावर लिहून घ्या आणि मग ठरवा. छंदासाठी कर्ज मला व्यक्तिशः पटत नाही. कॅमेऱ्याची किंमत पेटी उघडल्या दिवशीच उतरते आणि हप्ता मात्र तेवढाच राहतो.

टिटवी, तुम्ही "सगळं मिळून ७०" असं लिहिलंत हे मला फार आवडलं. बहुतेक जण ७० चा कॅमेरा घेतात आणि मग कार्डासाठी, बॅटरीसाठी पुन्हा खिशात हात घालतात. सत्तरातले किमान बारा-पंधरा हजार आधीच बाजूला काढा, आणि उरलेल्यात कॅमेरा व लेन्स बसवा. एक मोठं कार्ड घेण्यापेक्षा ६४ जीबीची दोन घ्या, एक बिघडलं तर अर्धं काम तरी वाचतं. कार्ड बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या, नकली कार्डांचा सुळसुळाट आहे. बॅटरी किमान एक जास्तीची. संगणकावर फोटो सुधारायला पैसे भरायची गरज नाही. डार्कटेबल फुकट आहे, आणि कॅननचं स्वतःचं डीपीपीही फुकट मिळतं.

सागरगोटा
रत्नागिरीहून लिहिते. ठेवायचं कशात याचेही पैसे धरा. आमच्याकडे पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या लेन्सला दोन महिन्यांत बुरशी धरलेली मी पाहिली आहे. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात. साफसफाई होते, पण धाग्यांनी काचेवरचा लेप खाल्ला तर डाग कायमचा. इंदापूरची हवा कोरडी आहे, तुमचा धोका कमी, तरी जुलै-ऑगस्टमध्ये काळजी घ्याच. महागडं कोरडं कपाट लागत नाही. रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. जेलचा रंग बदलला की तव्यावर किंवा ओव्हनमध्ये मंद गरम करून परत वापरता येतं. तांदूळ ठेवू नका, त्याची पिठी लेन्सच्या फटींत जाते. चामड्याच्या पिशवीत बंद करून ठेवणंही वाईट, ती ओल धरून ठेवते.

पाऊलखूण
मी टोरांटोला असते, डिसेंबरमध्ये पुण्याला येतेय. इथून आणू का काही? भाव थोडे कमी दिसतात.

उंबर
पाऊलखूण, देऊ केलंत हेच खूप. पण तिथल्या भावात विक्रीकर धरलेला नसतो, तो मिळवा, आणि येताना सीमाशुल्काची मर्यादा बघा. सगळ्यात महत्त्वाचं, वॉरंटी भारतात चालेल का ते इथल्या सेवा केंद्रालाच विचारा. शाळेतली मुलं हाताळणार म्हटल्यावर दुरुस्ती जवळ हवी. सुट्या बॅटऱ्या, पट्टे वगैरे आणायला हरकत नाही.

मोगरा
टिटवीताई, विकत घेण्याआधी भाड्याने वापरून बघा ना. पुण्यात बॉडी आणि लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. ओळखपत्र आणि अनामत लागते. माझ्या ओळखीच्या ठिकाणाहून ८०डी आणि सिग्माची १५०-६०० शनिवार-रविवारसाठी आणता येईल. मीही येते, भिगवणला यायचंच आहे. मुलांच्या हातात काय बसतं ते आकड्यांवरून नाही कळत.

दुर्बीण
उत्तम. मी त्या रविवारी भिगवणजवळच्या कुंभारगावलाच आहे. माझा पी९५० तुमच्या मुलांकडे देतो, हवा तेवढा वेळ वापरू दे. एकच विनंती, होडीवाले कुरवांना शेव-गाठ्या टाकून जवळ बोलावतात, ते आपल्या होडीत नको. फोटो सोपा होतो, पण पक्ष्याच्या पोटात तेल-मीठ जातं आणि होडीमागे धावायची त्याला सवय लागते.

टिटवी
इतकी आपुलकी बघून काय लिहू कळत नाही. नक्की या, जेवण आमच्याकडे.

सुगी
तोवर वापरलेला कॅमेरा कसा तपासायचा ते लिहून ठेवते, नंतर घाईत राहतं.

लेन्स हातात घ्या, छिद्र पूर्ण उघडं ठेवा आणि मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका मारा. धुळीचे कण चालतात. जाळं, धुकं किंवा काचेच्या कडेला पांढरट पट्टा दिसला तर परत द्या, किंमत कितीही कमी असो. मग वर्तमानपत्राचं पूर्ण पान भिंतीला सपाट चिकटवा, समोर सरळ उभं राहून फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून वाचा. एक कोपरा कायम पुसट येत असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे. बॉडीसाठी एफ १६ किंवा २२ ला मोकळ्या आकाशाचा फोटो. सेन्सरवरची घाण काळ्या ठिपक्यांनी दिसते. धूळ साफ होते, ओरखडा नाही. स्क्रूंच्या खाचा घासलेल्या असतील तर आत हात घातला गेलाय. ८०डीचं शटर कंपनीने एक लाख फोटोंसाठी तपासलेलं आहे. तीस-चाळीस हजार झालेली बॉडी निर्धास्त घ्या, नव्वद हजारांची घेताना भाव पाडा.

मूळ बिल हवंच, आणि बिलावरचा अनुक्रमांक कॅमेऱ्याच्या तळावरच्या क्रमांकाशी जुळवा. बिल हरवलंय असं सांगणाऱ्याशी भाव करत बसू नका. मुंबईत बोरा बाजारात फिरलात तर एका फेरीत चार ठिकाणचे भाव कळतात. तिथेही हीच तपासणी. घरी नेऊन बघा, असं म्हणणाऱ्याला "इथेच बघते" म्हणायचं.

दुर्बीण
सुगी, फार उपयोगाचं. पी९५० सारख्या कॅमेऱ्याची तपासणी थोडी वेगळी असते. त्याची लेन्स निघत नाही, त्यामुळे आत गेलेली धूळ आपल्याला काढता येत नाही. झूम या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग काही वेळा न्या. मध्ये अडखळली किंवा खरखर आवाज आला तर नको. पूर्ण बाहेर काढलेली नळी बोटांनी अलगद हलवून बघा, थोडी ढिली असतेच, पण खडखडली नाही पाहिजे. मग पूर्ण झूमवर शंभर मीटरवरची पाटी वाचता येते का बघा.

टिटवी
रविवार झाला. मोगरा आणि दुर्बीण दोघेही आले, मुलं अजून त्यांच्याबद्दल बोलतायत. जे दिसलं ते सविस्तर लिहिते.

८०डी आणि १५०-६०० चे फोटो अप्रतिम. सूर्य वर यायच्या आधीचा एक जांभळा बगळा मोगराने टिपलाय, त्याच्या मानेवरच्या रेघा मोजता येतात. पण नुसती लेन्सच जवळपास दोन किलोची. आठवीतली मुलगी ती मांडीवर टेकवून बसली, आणि पक्षी दिसला की उचलेपर्यंत होडी वळलेली असायची. हात थरथरायचे. मोठ्या माणसाला जमेल, माझ्या मुलांना नाही. मग मोगराने तिच्याकडची ५५-२५० लावून दिली. ती सगळ्यांना आवडली, अग्निपंखांचे थवे त्यात झकास आले, उडतानाचेसुद्धा. तुतवार मात्र उंबर यांनी सांगितलं तसेच, ठिपक्याएवढे.

पी९५० ने सुरुवातीला मुलं गोंधळली. पूर्ण झूमवर चौकटीत नुसतं पाणी, पक्षी कुठेच नाही. तेव्हा दुर्बीण यांनी नळीच्या बाजूचं एक बटण दाखवलं. ते दाबलं की झूम थोडा वेळ मागे येते, मोठा परिसर दिसतो, पक्षी मध्ये आणायचा आणि बटण सोडायचं. झूम आपोआप होती तिथे परत जाते. हे कळल्यावर नववीतल्या एका मुलाने पलीकडच्या चिखलातला एक पक्षी टिपला. हिरवट पाय, चोच किंचित वर वळलेली. होडीतच पुस्तक उघडलं. हिरव्या पायांचा तुतारी. आमच्या वहीत मागच्या हिवाळ्यात हाच पक्षी "ओळख पटली नाही" म्हणून लिहिलेला आहे, वर्णन शब्दाला शब्द तेच.

दहानंतर दोन्ही कॅमेरे सारखेच हतबल झाले. पाण्यावरून ऊन वर चढायला लागलं की लांबचं सगळं थरथरतं आणि फोटो वितळल्यासारखे येतात. दुर्बीण म्हणाले की कुठल्याही लेन्सने यावर उपाय नाही, जवळ जा किंवा लवकर या.

तर माझा निर्णय पी९५० चा. उडते पक्षी त्यात नीट मिळणार नाहीत, संध्याकाळी कामाचा नाही, हे मान्य करून घेतेय. आमच्या वहीला बसलेल्या पक्ष्याची चोच आणि पाय हवेत.

कातळ
मी असतो तर अजूनही लेन्स बदलता येणारा कॅमेराच घेतला असता, कारण दोन वर्षांनी तुम्हाला उडत्या सुरय पक्ष्याचा फोटो हवासा वाटणार. पण मुलांनी स्वतः पक्षी शोधून ओळखला म्हटल्यावर यापुढे माझा आग्रह नाही. विमा मात्र बघा. घरगुती विम्यात कॅमेरा बाहेर नेल्यावर धरतात का ते लेखी विचारा.

सागरगोटा
घरट्यांबद्दल एक शब्द, मुलं बरोबर आहेत म्हणून. एवढी झूम हातात आली की घरटी शोधायचा मोह होतो. टिटवी उघड्यावर अंडी घालते, आपण जवळ उभे राहिलो की ती उठते आणि अंडी उन्हात भाजतात. लांबून एक फोटो, आणि निघायचं. जागेचा नेमका पत्ताही कुठे टाकू नका.

टिटवी
सागरगोटा, हे आमच्या वहीच्या पहिल्या पानावर आहे, आता नव्याने वाचून घेते सगळ्यांकडून.

घेतला! पुण्यातल्या एका निवृत्त गृहस्थांकडून, वापरलेला, मूळ बिलासह ४४ हजारांना. सुगी आणि दुर्बीण यांच्या सगळ्या चाचण्या त्यांच्या गच्चीवर केल्या, तेही कौतुकाने बघत होते. कंपनीच्या आकड्याप्रमाणे बॅटरी २९० फोटोंची आहे, म्हणून दोन जास्तीच्या घेतल्या, ३२०० गेले. दोन कार्डं २४००. एकपायी मोनोपॉड २५००, कारण पूर्ण झूमवर हात स्थिर राहत नाही आणि ट्रायपॉड होडीत उघडता येत नाही. पिशवी आणि पावसाचं आवरण १८००, हवाबंद डबा, जेल आणि आर्द्रतेचं यंत्र मिळून ९००. आणि सत्तरात एवढी जागा उरली म्हणून ८×४२ ची आणखी एक दुर्बीण, साडेनऊ हजारांची. कॅमेरा एकाच्या हातात असतो तेव्हा बाकीची मुलं रिकामी बसायची. एकूण ६४,३००. उरलेले ५७०० शाळेच्या कपाटात वेगळ्या पाकिटात, दुरुस्तीसाठी.

उंबर
दुर्बीण घेतलीत हे सगळ्यात छान केलंत. तपशील इथे लिहिलात त्याचाही पुढच्यांना उपयोग होईल. वेडा राघूवर सराव करा. तो माशी पकडायला उडतो आणि पुन्हा त्याच तारेवर येऊन बसतो, त्यामुळे मुलांना चौकट जुळवायला वेळ मिळतो.

बांधावरून
ताई, अभिनंदन. आता माझंही सांगा कुणीतरी. भावाला गावातल्या कीर्तनांचे, भजनांचे, पालखी मुक्कामाचे फोटो काढायचेत. बजेट ४० हजार. हाच घेऊ का?

उंबर
नको, तुमचं काम बरोबर उलटं आहे. माणसं जवळ असतात आणि उजेड कमी. झूम नको, मोठा सेन्सर आणि मोठ्या छिद्राची लेन्स हवी. वापरलेली निकॉन डी५६०० किंवा कॅनन २००डी मार्क २ घ्या, २५ ते ३० हजारांत बसवा, आणि वर ५० मिमी एफ १.८. मंडपातल्या ट्यूबलाइटखाली ही लेन्स किटच्या एफ ५.६ पेक्षा जवळजवळ दहापट प्रकाश घेते. मंडप लहान असेल तर ५० फार जवळचं वाटतं, मग निकॉनमध्ये ३५ मिमी एफ १.८ डीएक्स बघा.

निकॉन घेत असाल तर एक खास बघा. डी५६०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. बाजारात स्वस्तात मिळणारी जुनी ५० एएफ-डी त्यावर हाताने फोकस करावी लागते. लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलं असेल तीच घ्यायची.

बांधावरून
समजलं. शटर किती ठेवायला सांगू त्याला?

उंबर
बुवा उभे राहून बोलत असतील तर १/१२५ सेकंद, टाळकरी नाचायला लागले की १/२५०. छिद्र एफ २ ते २.५, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) आपोआपवर ठेवून वरची मर्यादा ६४०० लावून द्या. फोटो रॉमध्ये (प्रक्रिया न केलेल्या मूळ स्वरूपात) काढायला सांगा, ट्यूबलाइट आणि पिवळे बल्ब एकत्र असले की चेहऱ्याचा रंग नंतर नीट करता येतो. फ्लॅश बंद.